गोवा केवढा? ३,७०२ चौरस किलोमीटरचा हिशोब, दोन सुर्ल्यांमधून

सुर्ला (डिचोली), स्थानिक प्रतिनिधी :

गोव्यात सुर्ला नावाची गावं दोन. एक डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यात. दुसरं सत्तरीत, चोर्ला घाटाच्या माथ्यावर, कर्नाटकच्या हद्दीला लागून. दोघांचं नाव एक, पण जमिनीचं दुखणं वेगवेगळं. या लेखात दोन्ही गावं येणार आहेत. सुरुवात डिचोलीच्या सुर्ल्यातल्या चहाच्या गाड्यापासून करतो, कारण विषय तिथेच निघाला.

खानापूरकडचा एक ट्रकवाला चहा पीत होता. हसत हसत म्हणाला, "तुमचं राज्य म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्याचा एक कोपरा!" गाड्यावरच्या पोराने लगेच मोबाईल पुढे केला. त्यावर कुठूनतरी आलेला मेसेज होता, 'गोवा सिंगापूरच्या पाचपट'. "आता बोला मामा," पोरगा म्हणाला. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते इतकंच म्हणाले, "पाचपट असूं दे रे. माझ्या धाकट्याला घर बांधायला जागा दाखव."

तिघांचंही खरं होतं. पण तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजत होते. आणि सध्या सीमाभागात जे चाललंय, मग ते खाणी असोत, म्हादई असो, वाघ असो की झोनिंग, त्या सगळ्यात हाच घोटाळा होतो. एकजण एकूण क्षेत्रफळ सांगतो, दुसरा टक्केवारी, आणि तिसरा आपलं अंगण. म्हणून एकदा हा हिशोब मांडून बघू. मी कॉमर्सचा माणूस. ताळेबंदाची शेवटची बेरीज बघून धंदा कळत नाही, कुठल्या खात्यात किती अडकलंय ते बघावं लागतं, एवढं मला कळतं.

आशियात गोवा कितवा?

आधी मेसेजमधला दावा. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. सिंगापूरचं साधारण ७३५. म्हणजे पाचपट बरोबर आहे. बहरीन आठशेच्या आत आहे. मालदीवच्या सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ३०० च्या आसपास, म्हणजे आमच्या पेडणे तालुक्यापेक्षा (सुमारे २५२) थोडीच जास्त. गोवा आशियातला वेगळा देश असता, तर क्षेत्रफळाने खालून चौथा लागला असता. त्याच्या वर ब्रुनेई, ५,७६५ चौ. किमी. युरोपात गेलात तर लक्झेंबर्ग २,५८६, तोही गोव्यापेक्षा लहान.

आता ट्रकवाल्याचं म्हणणं. बेळगाव जिल्हा १३,४१५ चौ. किमी, गोव्याच्या साडेतीनपटीहून जास्त आणि कतार देशापेक्षा मोठा. एकटा खानापूर तालुका सतराशेच्या वर, म्हणजे जवळपास निम्मा गोवा. आमच्या उत्तरेचा सिंधुदुर्ग ५,२०७, कोल्हापूर ७,६८५, कारवारकडचा उत्तर कन्नड दहा हजारांच्या वर. सीमेला लागून असलेल्या प्रत्येक जिल्ह्यापुढे आमचं राज्य लहानच.

म्हणजे सिंगापूरपुढे मोठे, बेळगावपुढे लहान. मग यातून कळलं काय? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. नुसत्या चौरस किलोमीटरवरून तिथला माणूस कसा राहतो ते समजत नाही. आज रोज बातम्यांत असलेली गाझा पट्टी ३६५ चौ. किमीची, आमच्या काणकोण तालुक्याहून जरा मोठी. काणकोणात २०११ च्या जनगणनेत ४५ हजार लोक होते. गाझात वीस लाखांहून अधिक. दुसऱ्या टोकाला ग्रीनलँड. तेही गेल्या काही काळात बातम्यांत आहे. क्षेत्रफळ २१ लाख ६६ हजार चौ. किमी आणि वस्ती साठ हजारांच्याही आत, कारण बहुतेक जमीन बर्फाखाली. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. तेव्हा आकडा पाहताना तो कशाचा आहे आणि कसा मोजलाय, हे आधी विचारायचं.

मोजण्याची पद्धत बदलली की आकडा कसा पळतो, याचं ताजं उदाहरण घरचंच आहे. केंद्र सरकारने किनारपट्टीची मोजणी नव्याने केली, तेव्हा गोव्याचा किनारा १०१ किलोमीटरवरून एकदम १९४ किलोमीटरच्या आसपास गेला. समुद्र काही वाढला नाही. खाड्यांची आणि वळणांची मोजणी बारकाईने झाली एवढंच.

तीन आमदारांचं गणित

राज्याची तुलना जिल्ह्याशी करताना आणखी एक गोष्ट सुटते. सिंधुदुर्ग जिल्ह्याला महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी तीन जागा आहेत : कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. डिचोली तालुक्याला गोवा विधानसभेत ४० पैकी तीन जागा आहेत : डिचोली, मये, साखळी. एकीकडे ५,२०७ चौ. किमीला तीन आमदार, दुसरीकडे सुमारे २३९ चौ. किमीला तीन. बेळगाव जिल्ह्याला १८.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात हाच मुद्दा आतून धगधगत होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४ हजारांचा. पुढे ३० मे १९८७ ला घटक राज्य झालं. त्या निकालाबद्दल आमच्या वाचकांत आजही दोन मतं आहेत, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना ती असणार. पण एक मान्य करावं लागेल. ३,७०२ चौ. किमीचा जिल्हा आणि ३,७०२ चौ. किमीचं राज्य यांत जमीन तेवढीच, पण निर्णय घेण्याची जागा वेगळी. दोडामार्गच्या माणसाला मंत्रालयात जायला मुंबई गाठावी लागते. डिचोलीचा माणूस पर्वरीला जाऊन दुपारी जेवायला घरी येतो.

मग इतके जवळ आमदार असून बाकावरच्या म्हाताऱ्याला जागा का मिळत नाही? त्यासाठी ३,७०२ चा आकडा फोडावा लागेल.

पाव गोवा आणि पाऊण गोवा

बाहेरच्याला माहीत असलेला गोवा म्हणजे जुन्या काबिजादी : तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि त्यातूनच निघालेला मुरगाव. या चार तालुक्यांचं क्षेत्र मिळून सुमारे ८८० चौ. किमी, म्हणजे राज्याचा पाव हिस्सा. आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यातले जवळपास साठ टक्के लोक याच पाव हिश्श्यात राहतात. बाकीचा पाऊण गोवा नव्या काबिजादींचा. डिचोली, सत्तरी अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगिजांकडे गेले, पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून. मराठी वाचणारा, भजन-नाटकाचा, देवळांच्या जत्रांचा गोवा मुख्यतः हा.

राज्याची लोकसंख्येची घनता कागदावर ३९४. सिंधुदुर्गची १६३, बेळगावची ३५६. पण जुन्या काबिजादींच्या चार तालुक्यांत ती चौरस किलोमीटरला हजाराच्या जवळ जाते, आणि बाकी गोव्यात दोनशेच्या थोडी वर. त्यामुळे किनाऱ्यावर जागा संपली की सगळ्यांची नजर या पाऊण गोव्याकडे वळते. विमानतळ हवा, पेडणे घ्या. संस्था हवी, सत्तरी घ्या. खनिज तर डिचोलीत आहेच. 'तिकडे मोकळी जागा भरपूर' असं म्हटलं जातं. ती खरंच मोकळी आहे का, हे कोणी विचारत नाही.

मोपा घ्या. दोन हजारांहून अधिक एकर जमीन विमानतळाला गेली, म्हणजे आठ चौ. किमीच्या वर. पेडणे तालुक्याचे साधारण तीन टक्के. टक्केवारी ऐकायला किरकोळ वाटते. पण ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि आजूबाजूच्या उरलेल्या जमिनीचा बाजारच बदलला. २०२३ मध्ये पेडण्याच्या प्रारूप झोनिंग आराखड्याविरुद्ध तालुका उभा राहिला तो उगाच नाही. तीन टक्के जमीन गेल्याचा हिशोब त्या तीन टक्क्यांत संपत नाही, उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांचा भाव कुठे गेला ते बघावं लागतं. आमच्याकडे जमीन चौरस मीटरने विकली जाते. सीमेपलीकडे अजून गुंठ्याने बोलतात. एका गुंठ्यात साधारण १०१ चौरस मीटर. सातार्डा-बांद्याकडचे नातेवाईक आमच्याकडचा मीटरचा भाव ऐकून गुंठ्याचा समजतात, आणि खरं कळलं की गप्प होतात.

डिचोलीचं सुर्ला : लीजची रेषा

आता पुन्हा चहाच्या गाड्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ खाण लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून खाणी थांबल्या. या पट्ट्यातले ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी, सगळं एका फटक्यात बंद पडलं. नंतर सरकारने लीजऐवजी ब्लॉकचा लिलाव सुरू केला. २०२२ च्या अखेरीस लिलावात गेलेला डिचोलीचा पहिला ब्लॉक सुमारे ४७८ हेक्टरचा. चौरस किलोमीटरमध्ये पावणेपाच. तालुक्याच्या क्षेत्राचे दोन टक्के.

पुन्हा तेच. दोन टक्के म्हणजे काहीच नाही, असं पणजीत बसून वाटेल. पण मुळगावच्या लोकांनी काय मागितलं ते आठवा. आमची घरं, देवळं, शेतं, तळी ब्लॉकच्या रेषेतून बाहेर काढा, मग पुढचं बोलू. तालुक्याचे दोन टक्के हे एखाद्या गावाच्या वाट्याला आले की ते त्या गावाचे पन्नास टक्केसुद्धा असू शकतात. टक्केवारी कशाच्या पोटात काढली, यावर सगळं अवलंबून.

खाणी सुरू व्हाव्यात असं वाटणारे लोक याच गावांत आहेत, हेही लिहिलं पाहिजे. ट्रकचे हप्ते त्यांनाच भरायचे असतात. त्यांचा आणि शेत वाचवू पाहणाऱ्यांचा वाद बऱ्याचदा एकाच घरात, दोन भावांत असतो. बाकावरच्या म्हाताऱ्याची अडचण निराळी. त्याच्या घराभोवतीची जमीन काही खाणीच्या रेषेत, काही डंपच्या पायथ्याशी, काही दुसऱ्याच्या नावावर, आणि स्वतःचा मुंडकारीचा खटला अजून चालूच. एवढ्या मोठ्या तालुक्यात त्याच्या हाती काय येतं, तर उंबऱ्यापासून तुळशीपर्यंतचं अंगण.

सत्तरीचं सुर्ला : अभयारण्याची रेषा

इथून साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढलं की दुसरं सुर्ला. सत्तरी तालुका सुमारे ४८९ चौ. किमी, म्हणजे एकटा सत्तरीसुद्धा मालदीवपेक्षा मोठा. पण १९९९ मध्ये जाहीर झालेलं म्हादई अभयारण्य २०८ चौ. किमीचं आहे. तालुक्याचे त्रेचाळीस टक्के. राज्यातली सगळी अभयारण्यं आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे ७५५ चौ. किमी, राज्याच्या वीस टक्क्यांवर. हे क्षेत्र वजा केलं, तर राज्याची घनता ३९४ वरून पाचशेच्या जवळ जाते.

इथे एक सावधगिरी. २०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालात गोव्याचं वनाच्छादन २,२४४ चौ. किमी, म्हणजे साठ टक्के. काही जण यात अभयारण्याचे वीस टक्के मिळवतात आणि 'ऐंशी टक्के गोवा जंगलात' म्हणून मोकळे होतात. ही एकच रक्कम दोन खात्यांत धरण्याची चूक. अभयारण्य त्या साठ टक्क्यांच्या पोटातच आहे. शिवाय वनाच्छादन उपग्रहाच्या चित्रावरून, झाडाच्या सावलीवरून मोजतात. जमीन कोणाची ते बघत नाहीत. त्यात लोकांच्या काजूच्या बागाही येतात.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ ला म्हादई व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करा, असा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. गावात भीती आहे ती अशी : अभयारण्य जाहीर होऊन पंचवीस वर्षं उलटली तरी लोकांच्या हक्कांचे दावे निकाली निघाले नाहीत, मग व्याघ्र प्रकल्प आला तर आमचं काय? दुसऱ्या बाजूला जानेवारी २०२० मध्ये याच अभयारण्यात गोळावली भागात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. तेव्हा वाघ इथे नाहीत, असं म्हणायला जागा उरली नाही.

जंगल राखणं म्हणजे जमीन वाया घालवणं, असं मी म्हणत नाही. हाँगकाँगचं उदाहरण घ्या. क्षेत्र सुमारे १,११० चौ. किमी, लोक पंचाहत्तर लाखांच्या घरात, आणि तरी चाळीस टक्के जमीन राखीव उद्यानांत. राखता येते. प्रश्न इतकाच की राखीव म्हणून रेषा ओढताना आत कोण राहतो, त्याचा हक्क आधी लिहून ठेवला की नाही. इथे रेषा आधी आली, माणसाची नोंद मागे राहिली. सत्तरीत आल्वारा, मोकासा अशी पोर्तुगीज काळापासूनची जमिनीची गुंतागुंत आहेच. पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्याकडेसुद्धा दाखवायला कागद नसतो.

नदी क्षेत्रफळाने वाटता येते?

आता तीन राज्यांच्या वाचकांना एकत्र भांडायला लावणारा विषय. म्हादईचं खोरं २,०३२ चौ. किमीचं. त्यातलं गोव्यात १,५८०, कर्नाटकात ३७५, महाराष्ट्रात ७७. कळसा, हलतरा, सुर्ला या नाल्यांची नावं या वादाच्या कागदांत वारंवार येतात, ती याच घाटमाथ्यावरची.

लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला. गोव्याला आधीच्या वापराशिवाय २४ टीएमसी, कर्नाटकला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. गोव्यात लगेच गणित मांडलं गेलं की कर्नाटककडे खोऱ्याचे साडेअठरा टक्के, मग पाणी पस्तीस टक्के कसं? पण त्या १३.४२ मधले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहेत, ते पाणी फिरून नदीतच येणार. ते बाजूला काढलं तर कर्नाटकचे उरतात ५.४. वाटलेल्या पाण्यात ते साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे क्षेत्राच्या प्रमाणाजवळच.

मग भांडण संपलं? नाही. कारण त्या ५.४ मधले ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा इथून खोऱ्याबाहेर, मलप्रभेत न्यायचे आहेत. एकदा गेलेलं पाणी या बाजूला परत येत नाही. गोव्याचा आक्षेप आहे तो यावर. आणि हुबळी-धारवाडकडे उन्हाळ्यात नळाची वाट बघणारी मराठी घरंही आहेत, त्यांनाही आपलं म्हणणं आहे. दोन्हीकडे टक्केवारी फेकून हा प्रश्न सुटणार नाही. पाणी किती जातं, त्याहून ते कुठून उचलतात आणि कुठल्या महिन्यात उचलतात, हे खाली राहणाऱ्याला जास्त जाणवतं. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात आहेत.

एक चौरस किलोमीटरची किंमत

शेवटचा आकडा मेळावलीचा. सत्तरीतल्या गुळेली पंचायतीत आयआयटीसाठी सुमारे दहा लाख चौरस मीटर जागा ठरली होती. दहा लाख चौरस मीटर म्हणजे एक चौरस किलोमीटर. सत्तरीच्या एक टक्क्याचा पाचवा भाग. तालुक्याच्या नकाशावर पेन्सिलीच्या टोकाएवढी. पण ती लोकांच्या काजूची, पाण्याच्या झऱ्यांची, गुरं चारण्याची जागा होती. गाव रस्त्यावर आलं, पोलीस आले, झटापट झाली. आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला प्रकल्प तिथून हलवावा लागला.

म्हणून पुढच्या वेळी कोणी नेता, अधिकारी किंवा मोबाईलवरचा मेसेज क्षेत्रफळाचा आकडा तुमच्यासमोर ठेवेल, तेव्हा त्याला उलट विचारा : ही टक्केवारी राज्याच्या पोटातली की माझ्या गावाच्या? तीच जमीन आधीच कुठल्या दुसऱ्या रेषेत मोजलेली आहे का? आणि रेषा ओढण्याआधी आत राहणाऱ्याचं नाव कुठे लिहिलंय? ग्रामसभेत हे प्रश्न विचारायला वकील लागत नाही. सर्व्हे क्रमांकासह लीजचा किंवा झोनचा नकाशा मागायचा, आणि आपल्या गावाचं एकूण क्षेत्र खाली लिहून भागाकार करायचा. पाचवीचं गणित आहे. सीमेच्या तिन्ही बाजूंना ते सारखंच लागू पडतं. खानापुरातला शेतकरी, दोडामार्गचा बागायतदार आणि आमचा सुर्लेकर, तिघांनाही.

ट्रकवाला निघताना पैसे देऊन म्हणाला, "छोटं असलं तरी तुमचं राज्य आहे बाबा. आम्ही कुठे जायचं?" म्हाताऱ्याने मान हलवली. गाड्यावरच्या पोराने मोबाईल खिशात टाकला आणि म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, तुमचा सर्व्हे नंबर किती? नकाशा ऑनलाईन दिसतो, बघूया."

सिंगापूरच्या मेसेजपेक्षा हे जास्त कामाचं.